अंतर राखणारी नाव: पेडणे-डिचोलीच्या खाड्यांतील निसर्गदर्शन

गोव्याच्या उत्तर भागात समुद्राला मिळणाऱ्या तेरेखोल, शापोरा आणि मांडवी या तीन नद्यांच्या खाड्यांतून लहान होड्या नेऊन पक्षी, मगरी, पाणमांजरे आणि डॉल्फिन दाखवण्याचे काम गेल्या काही दशकांत एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभे राहिले असून, त्या कामात मुरलेल्या नावाड्यांना आणि वाटाड्यांना येणारा अनुभव हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. पेडणे तालुक्याच्या उत्तर सीमेवरून तेरेखोल आणि दक्षिण सीमेवरून शापोरा वाहते, तर डिचोली तालुक्याच्या दक्षिणेला मांडवीच्या पात्रात चोडण आणि दिवाडी ही बेटे आहेत. सरकारी नोंदीत ही दोन्ही बेटे तिसवाडी तालुक्यात मोडत असली, तरी नार्व्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट आणि मयेच्या बाजूने चोडणला पोचणारा रस्ता यांमुळे त्यांचा रोजचा व्यवहार डिचोलीशीही जोडलेला आहे. ही बेटे खोल समुद्रातली नाहीत आणि पणजीपासून फार लांबही नाहीत. परंतु खारफुटीच्या, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांच्या, चिंचोळ्या वाटांत होडी एकदा शिरली की रस्ता, दुकान आणि माणसांची वर्दळ हे सारे मागे राहते, आणि म्हणून त्यांचे दूरपण किलोमीटरांत मोजता येत नाही.

नदी ओलांडून देण्याचा व्यवसाय या भागात जुना आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे मंदिर सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत पाडले गेल्यानंतर देवाचे लिंग नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे नेण्यात आले आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याची वाट त्या काळी या पाण्यावरूनच होती. आज निसर्गदर्शनाच्या होड्या चालवणाऱ्यांत मासेमारीच्या घरांतून आलेली माणसे बरीच आढळतात. जाळे कोठे टाकावे, तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, कोणत्या रेतीत मिळतात, पावसाळ्यानंतर नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा कोणत्या बाजूला सरकला आहे, हे ज्याला आधीपासून ठाऊक असते त्याला पक्ष्यांची नावे शिकायला वेळ लागत नाही. उलट पुस्तकातून पक्षी ओळखायला शिकलेल्या होतकरू वाटाड्याला पाणी वाचायला शिकण्यात कित्येक हंगाम घालवावे लागतात. या व्यवसायातील ज्ञानाचा क्रम असा पाण्यापासून सुरू होतो, आणि प्राणी त्यात नंतर येतात.

पाणी वाचणे याचा पहिला अर्थ भरती-ओहोटी जाणणे हा होय. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणात, पाण्याच्या पातळीतला फरक दोन मीटरांच्या आसपास जातो आणि अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगात, तो बराच कमी होतो. मांडवीत भरतीचा प्रभाव समुद्रापासून पन्नासेक किलोमीटर आत, उसगाव-गांजेपर्यंत जाणवतो. त्यामुळे डिचोलीतील नार्वे, पिळगाव किंवा सारमानस येथील शेतकरी समुद्र डोळ्यांनी न पाहताही त्याच्या तालावर जगत असतो. कोकण-गोव्यातील जुन्या तांडेलांचा, म्हणजे होडीच्या म्होरक्यांचा, ठोकताळा असा, की पंधरवड्यातील तिथीला पाऊणने गुणले म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजी वेळ मिळते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, या निरीक्षणाचेच ते सोपे गणित आहे. आता छापील कोष्टके आणि मोबाइलवरील आकडे हाताशी असले, तरी ते बहुधा मुरगाव बंदराचे असतात, आणि नदीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोचते, हा हिशेब प्रत्येक नावाड्याला आपापल्या ठिकाणापुरता स्वतःच बसवावा लागतो.

या हिशेबातूनच व्यवसायाची पहिली अडचण जन्माला येते. खारफुटीच्या आतल्या नाळ्यांत होडी शिरायची तर भरती हवी, कारण ओहोटीला त्या नाळ्यांचा नुसता चिखल होतो. पण चिखलावर चरणारे तुतवार, चिखल्या आणि कुरल हे स्थलांतरित पक्षी पाहायचे तर ओहोटी हवी, कारण भरतीने त्यांचे अन्न झाकले जाते. मगर पाहायची असल्यास आणखी वेगळी वेळ लागते. ती स्वतःच्या शरीराची उष्णता राखू शकत नसल्याने हिवाळ्यात अंग तापवण्यासाठी काठावर येते; म्हणजे थंडीचे दिवस, वर आलेले ऊन आणि उघडा पडलेला चिखल या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. पाहुण्याला मात्र हे सगळे एका फेरीत, आणि तेही न्याहारीनंतरच्या सोयीच्या वेळी, हवे असते. हॉटेलातून सकाळी नऊची वेळ ठरवून येणाऱ्या पाहुण्याला त्या दिवशी पाणी दुपारी भरणार आहे हे समजावून सांगणे, आणि तो नाराज होऊन दुसऱ्याकडे गेला तरी वेळ न बदलणे, ही या कामातली पहिली शिस्त होय. ती पाळणाऱ्याचे त्या दिवसाचे पैसे बुडतात, आणि न पाळणाऱ्याची होडी अधूनमधून चिखलात रुतून पुढच्या भरतीची वाट पाहत बसते.

चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला असलेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य हे या कामाचे सर्वांत परिचित क्षेत्र आहे. विख्यात पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या निधनानंतरच्या वर्षी, १९८८ मध्ये, ते घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे १७८ हेक्टर, म्हणजे पावणेदोन चौरस किलोमीटरांच्या आसपास असून, त्याचा कारभार गोव्याच्या वन खात्याकडे आहे. रायबंदरहून फेरीबोटीने पाच-दहा मिनिटांत तेथे पोचता येते. एवढ्या लहान जागेत तिवर, कांदळ, चिपी अशा खारफुटीच्या अनेक जाती दाटीने उभ्या आहेत. तिवराची श्वसनमुळे, म्हणजे चिखलात हवा मिळत नाही म्हणून जमिनीतून वर आलेली पेन्सिलीएवढ्या जाडीची मुळे, ओहोटीला दूरवर पसरलेली दिसतात. कांदळाची आधारमुळे कमानीसारखी बाहेर झुकून खोडाला तोलून धरतात आणि त्याच्या शेंगेसारख्या लांब मोडाची वाढ झाडावर असतानाच सुरू होते, जेणेकरून खाली पडल्यावर तो चिखलात रुजावा किंवा पाण्याबरोबर दुसऱ्या काठाला लागावा.

आतल्या नाळीच्या तोंडाशी अनुभवी नावाडी इंजिन बंद करून वर उचलतो आणि बांबूच्या लांब काठीने तळ चाचपत होडी रेटू लागतो. काठी हातभर रुतली तर खाली मऊ गाळ आहे, ती टणकन थांबली तर कालवांचा थर आहे आणि होडीचा तळ खरवडला जाणार, एवढे त्याला काठीच सांगते. इंजिनाचा आवाज थांबल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे काहीच घडत नाही आणि नवखा पाहुणा चुळबुळ करू लागतो. नेमक्या त्याच वेळी काठावरची लहान हालचाल पूर्वपदावर येत असते. बिळात गेलेले खेकडे, ज्यांतील नराची एक नांगी शरीराच्या मानाने अवजड असते, एकेक करून बाहेर येतात. निवटी, म्हणजे पाण्याबाहेर काही काळ राहू शकणारे लहान मासे, पुढच्या परांवर जोर देत चिखलावरून सरकतात. आणि या भक्ष्यावर टपून बसलेला खंड्या पुन्हा आपल्या ठरलेल्या फांदीवर येतो. मानेभोवती पांढरा पट्टा असलेला निळसर-हिरवा खंड्या भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मोजक्याच खाड्यांत आढळतो आणि त्याच्यासाठी परदेशातूनही पक्षिनिरीक्षक येतात. तो दिसण्याची शक्यता वाढवण्याचा एकमेव उपाय म्हणजे त्याच्या फांदीपासून दूर, बोलणे थांबवून, होडी स्थिर ठेवणे हा आहे. या कामात वर्षे घालवलेल्यांचा अनुभव असा, की प्राणी शोधत हिंडणाऱ्या होडीपेक्षा एके जागी थांबलेल्या होडीला अधिक दिसते, परंतु थांबण्यासाठी पैसे मोजायला पाहुणा सहजी तयार होत नाही, कारण त्याच्या मते होडीचे भाडे हे चालण्याचे असते.

अंतर राखण्याचे हे शास्त्र मगरीच्या बाबतीत अधिक काटेकोर होते. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. गोड्या पाण्यात राहणारी म्हणून ओळखली जाणारी ही जात येथे मचूळ पाण्यात वावरते, ही जीवशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट आहे. काठावर पहुडलेली मगर होडी जवळ येताच पाण्यात सरकते, आणि प्रत्येक वेळी पाण्यात सरकणे म्हणजे अंगात जमवलेली ऊब गमावणे असते. दिवसातून होड्या वारंवार आल्या तर तिला पचनासाठी लागणारी उष्णताही पुरेशी मिळत नाही. म्हणून जाणता नावाडी तिच्या दिशेने सरळ न जाता पलीकडच्या काठाने पुढे निघून जातो आणि होडी प्रवाहाबरोबर मागे येऊ देतो. पाहुण्यांत मगरीविषयी भय आणि कुतूहल असते, तर काठावरच्या गावांत तिच्याविषयी आदर असतो. फोंडा तालुक्यातील दुर्भाट येथे मांगे थापणी नावाचा विधी केला जातो, ज्यात शेतकरी मातीची मगर घडवून तिची पूजा करतात. पाण्यातल्या या बलाढ्य शेजाऱ्याशी सलोखा ठेवूनच पाण्यालगतची शेती करता येते, ही समजूत त्यामागे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि मगरीला त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. काठावरच्या शेतकऱ्यांनी मात्र तिच्याशी जुळवून घेण्याची आपली रीत त्याच्या कितीतरी आधीपासून सांभाळलेली आहे.

या शेतीचा विचार केल्याशिवाय खाडीतील वन्यजीवनाचे स्वरूप ध्यानात येत नाही. भरतीच्या पातळीच्याही खाली असलेल्या, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून वाचवलेल्या जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. अशी जमीन गोव्यात सतरा-अठरा हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते, आणि मांडवीतली बेटे, डिचोलीचा नदीकाठ, शापोऱ्याच्या तीरावरील पेडण्यातली गावे या सर्वांचा मोठा भाग खाजनाचाच आहे. बांधात एके ठिकाणी मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचा असा दरवाजा की जो भरतीच्या दाबाने आपोआप मिटतो आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतो. पावसाळ्यात आत कोरगुट ही खारेपणा सोसणारी भातजात पिकते, भात निघाल्यावर पाणी घेऊन मासे वाढवले जातात, आणि आगरवाड्यासारख्या ठिकाणी मिठागरे चालतात. बगळे, ढोकरी, अडई, पाणकावळे यांना या एकाच रचनेत गोडे पाणी, खारे पाणी, उघडा चिखल आणि दाट आडोसा असे चारही प्रकार मिळतात. मानवी श्रम थांबले तर हे चारही एकत्र टिकत नाहीत.

या व्यवस्थेचा सर्वांत चतुर लाभार्थी म्हणजे पाणमांजर. गोव्याच्या खाड्यांत आढळणारी मऊ केसांची मोठी जात कुटुंबाने राहते, पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करते, आणि मानशीच्या आसपास ओहोटीबरोबर मासे एकवटतात हे तिने ओळखलेले असते. ती प्रत्यक्ष दिसण्याआधी तिच्या खुणा दिसतात: बांधाच्या उंचवट्यावर माशांच्या खवल्यांनी आणि खेकड्यांच्या कवचांच्या तुकड्यांनी भरलेली विष्ठा, आणि ओल्या मातीत पडदा असलेल्या बोटांचा ठसा. विष्ठा अजून ओली असेल तर वाटाड्या होडी पुढे न नेता उलट मागे घेतो, कारण कुटुंब जवळच्या कांदळाच्या मुळांत असण्याचा संभव असतो. मानशीवर जाळे लावणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हाच प्राणी जाळे फाडून मासे पळवणारा चोर असतो. एका काठावर पाणमांजर पाहण्यासाठी पैसे मोजले जातात आणि दुसऱ्या काठावर तिच्यामुळे नुकसान सोसले जाते, पण ते पैसे आणि हे नुकसान यांची गाठ कोठेच पडत नाही, ही या व्यवसायातील मूळ विसंगती आहे.

ती विसंगती बांधाच्या बाबतीत अधिक ठळक होते. पूर्वी बांधांची डागडुजी गावकऱ्यांच्या सामूहिक संस्थेकडे, म्हणजे कोमुनिदादीकडे असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती मुख्यतः कुळांच्या संघटनांकडे आली, शेतीतले उत्पन्न घटत गेले, नवी पिढी नोकरीकडे वळली, आणि अनेक ठिकाणी बांध फुटले तरी ते वेळीच बांधणारे हात उरले नाहीत. मांडवीतून खनिज वाहून नेणाऱ्या बार्जेसच्या लाटांनीही बांधांचे पायथे पोखरले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबले तेव्हा नदीवरची ही वर्दळ ओसरली, परंतु तिच्यावर पोट असलेल्या डिचोलीतल्या घरांची मिळकतही त्याच दिवशी थांबली. पेडण्यात शापोरा आणि तेरेखोल या नद्यांतून होणारा बेकायदा रेतीउपसा न्यायालयापर्यंत पोचलेला विषय आहे. फुटलेल्या बांधातून खारे पाणी आत आले की तेथे काही वर्षांत खारफुटी वाढते, आणि होडीतल्या पाहुण्याला ते हिरवे दृश्य निसर्गाच्या विजयासारखे वाटते. त्या खारफुटीचे मोल आहेच, पण तिच्याखाली एखाद्या कुटुंबाचे भातशेत बुडालेले असू शकते हे सांगण्याची जबाबदारी वाटाड्यावर येते.

शापोऱ्याच्या मुखाशी कामाचे स्वरूप बदलते. दोडामार्गाकडून येणारी ही नदी पेडणे आणि बार्देश यांच्यामधून वाहत मोरजीजवळ समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखाशी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवर हिवाळ्यात कुरव आणि सुरय, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या दोन गटांतील पाहुणे, शेकड्यांनी बसतात. मध्य आशियातून व त्याच्याही उत्तरेकडून आलेले हे थवे येथे केवळ विसावा घेत नाहीत, तर परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. थवा एकदा उडाला की त्याने दिवसभर जमवलेल्या शक्तीचा काही अंश खर्ची पडतो. उडणाऱ्या थव्याचे छायाचित्र सुंदर येते म्हणून होडी मुद्दाम वाळूकडे वळवण्याची मागणी वारंवार होते. वाळूवरचे पक्षी माना वर करून एकाच दिशेला चालू लागले की ते उडण्याच्या बेतात आहेत, ही खूण नावाड्याला पक्की माहीत असते, आणि त्या क्षणी सुकाणू फिरवणे किंवा न फिरवणे यातच त्याची परीक्षा होते.

समुद्रात थोडे बाहेर गेल्यावर दिसणारा डॉल्फिन हा बहुधा हिंदी महासागरातील पाठीवर उंचवटा असलेल्या जातीचा असतो. ही जात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, नदीमुखांच्या आसपास, लहान गटांनी राहते, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती संकटग्रस्त मानली गेली आहे. दूरच्या समुद्रातील काही जातींप्रमाणे ती होडीपुढे उड्या मारत धावत नाही; आधी लांब चोच, मग पाठीचा उंचवटा आणि शेवटी शेपटी, असे संथपणे वर येऊन श्वास घेते आणि पुन्हा बुडते. त्यामुळे पाचसहा होड्यांनी तिला घेरले की ती पाण्याखाली अधिक वेळ राहते, दिशा बदलते आणि पिलू असल्यास त्याला घेऊन चाऱ्याच्या जागेवरून निघून जाते. अनेक देशांच्या नियमावल्यांत पन्नास ते शंभर मीटर अंतर ठेवावे, गटाच्या मागून किंवा समोरून न जाता बाजूने समांतर जावे, आणि वेग अचानक बदलू नये, असे सांगितलेले असते. मासेमारीतून आलेल्या तांडेलांना यातले बरेचसे आधीच ठाऊक असते. परंतु ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ अशी हमी देऊन पाहुणे गोळा करणारा दलाल मध्ये आला की तांडेलाचे ज्ञान निरुपयोगी ठरते, कारण मग अंतर राखणे म्हणजे भाड्यावर पाणी सोडणे होते.

याच किनाऱ्यावर मोरजी आणि मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात. ओडिशाच्या गहिरमाथ्यावर ती सामूहिकरीत्या येतात, तर येथे एकेकटी. मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि सुमारे दीड ते दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात. केंद्र सरकारच्या २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यातील मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांचा कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा म्हणून स्वतंत्र उल्लेख आहे. रात्रीच्या झगझगीत दिव्यांनी पिलांची दिशा चुकते हे आता सर्वश्रुत आहे. त्या मानाने कमी बोलले जाते ते असे, की विणीच्या दिवसांत प्रौढ कासवे किनाऱ्याजवळच तरंगत असतात आणि वेगाने जाणाऱ्या होडीच्या पंख्याने त्यांचे कवच फुटते. कासव दाखवण्यासाठी रात्री होडी काढणे जाणकार नावाडी टाळतात, आणि दिवसाही नदीमुखाजवळ वेग कमी ठेवतात. ज्या प्राण्याला पाहण्याची सर्वाधिक मागणी असते त्याच्यासाठी फेरीच न काढणे, हे येथे सर्वांत उपयुक्त काम ठरते.

तेरेखोलच्या पलीकडे हाच किनारा सिंधुदुर्गात सुरू राहतो. वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात वेंगुर्ले रॉक्स नावाने ओळखला जाणारा खडकाळ बेटांचा समूह असून, त्यांतील एका गुहेत भारतीय पाकोळी हा काळसर, चपळ पक्षी स्वतःच्या लाळेने घरटी बांधतो. हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील पाकोळ्यांविषयी आणि पावसाळ्यात वीण करणाऱ्या सुरयांविषयी लिहिलेली टिपणे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पाकोळ्यांच्या घरट्यांना परदेशी बाजारात सूपासाठी मोठी किंमत असल्याने त्यांची चोरी होत असे, आणि ती रोखण्यासाठी वन खात्याला व चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेला तेथे पहारा उभा करावा लागला. सुरयांना मात्र पहाऱ्याची तितकी गरज भासत नाही, कारण त्यांच्या विणीच्या काळात समुद्र खवळलेला असतो आणि लहान होडी तेथवर पोचूच शकत नाही. पेडण्यातील होड्याही जूनपासून ऑगस्टपर्यंत वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात. नावाड्याच्या दृष्टीने हे बेकारीचे महिने असले, तरी खाडीच्या दृष्टीने ती सक्तीची विश्रांती असते, आणि वर्षभर पाणी शांत असते तर या व्यवसायाने आपल्याच पायावर केव्हाच धोंडा मारून घेतला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

निसर्गदर्शनाच्या होड्यांना शिस्त लावण्याचे प्रयत्न जगात अन्यत्र झालेले आहेत. गालापागोसच्या राष्ट्रीय उद्यानात बहुतेक ठिकाणी परवानाधारक वाटाड्याशिवाय पाहुण्याला पाऊल ठेवता येत नाही आणि एका वाटाड्यामागे सोळाहून अधिक पाहुणे नेता येत नाहीत. तेथील बहुतेक बेटे निर्जन आणि उद्यानाच्या एकछत्री अंमलाखाली आहेत, तर मांडवी-शापोऱ्याच्या काठावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. म्हणून तो नियम जसाच्या तसा उचलून येथे चालणार नाही. परंतु त्यामागील तत्त्व, की होड्यांची संख्या आणि होडीतील माणसांची संख्या ही मागणीवर न ठरता पाण्याच्या सोसण्यावर ठरावी, येथेही लागू पडते. मोपा येथील विमानतळ २०२३ च्या आरंभी सुरू झाल्यापासून पेडण्यात येणाऱ्यांची वाट जवळची झाली आहे, आणि होड्यांची मागणी वाढत जाणार हे उघड आहे.

या सर्व अनुभवातून निघणारा निष्कर्ष असा आहे, की खाडीतील नावाड्याचे कसब जवळ नेण्यात नाही, ते योग्य अंतरावर थांबवण्यात आहे. आणि ज्या वन्यजीवनावर त्याचे पोट चालते ते बांध, मानस, मिठागर आणि भातशेत राखणाऱ्या माणसांच्या श्रमावर उभे असल्याने, होडीच्या भाड्यातला काही वाटा त्या श्रमाकडे पोचलाच पाहिजे. तो कोणत्या मार्गाने पोचावा, पंचायतीतून, कुळांच्या संघटनेतून की वन खात्याच्या शुल्कातून, हे गावागावाने आपापल्या सोयीने ठरवावे. पण तो पोचत नाही तोवर हा व्यवसाय दुसऱ्याच्या घामावर चालतो हे मान्य करावे लागेल. पाहुण्यांपैकी प्रत्येकाला यात एक गोष्ट सहज करता येईल. होडी ठरवताना काय काय दिसेल असे विचारण्याऐवजी त्या दिवशी भरती किती वाजता आहे आणि इंजिन कोठे बंद होणार आहे, एवढे दोन प्रश्न विचारावेत, आणि ज्याला त्यांची उत्तरे नीट देता येतील त्याच्याच होडीत बसावे.